नियमाला कारण हवे

धनादेशावर रक्कम आकड्यांत लिहिल्यानंतर ती पुन्हा अक्षरांत लिहावी, तिच्यापुढे ‘फक्त’ हा शब्द घालावा आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ ओढावी, हा परिपाठ आपल्या हाताच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यामागचे कारण आपण क्वचितच आठवतो. जुन्या हुंडीत रकमेच्या जोडीला तिची निमपट लिहून ‘तिची दुप्पट’ असा पुन्हा खुलासा करीत, तो ह्याच काळजीपोटी. आणि शिवकालीन पत्रांत मजकूर संपतो तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटवीत, तीही लेखनाची हद्द येथे संपली, ह्यापुढे कुणी एक अक्षर घुसडले तर ते मूळ पत्रातले नव्हे, हे वाचणाऱ्याला निःसंशय कळावे म्हणूनच. ह्या शिरस्त्यांपैकी एकही नुसत्या टापटिपीसाठी पडलेला नाही. लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि वाचणाऱ्याच्या समजुतीत दुसरेच, असे होऊ नये हे त्या प्रत्येकाचे प्रयोजन आहे, आणि प्रयोजन ठाऊक असलेला नियम माणूस आनंदाने पाळतो, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

हीच काळजी आज एका निराळ्या प्रकारच्या दस्तऐवजाच्या बाबतीत घ्यावी लागते. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे काम कसे करावे ह्याची कृती, असे मानले, तर तेच काम कोणत्या यंत्रावर, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या वेळी आणि कुणाला कोणते अधिकार देऊन करावयाचे, ह्याचा तपशील जिच्यात नोंदलेला असतो ती कॉन्फिगरेशन फाइल. बँकेचे संकेतस्थळ, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदणी ह्या सर्वांच्या पोटात अशा फाइली असतात. त्या माणसे लिहितात, माणसे बदलतात, आणि यंत्र मात्र त्यांतील प्रत्येक अक्षर हुकूम समजून त्याबरहुकूम वागते. माणसाने लिहिलेल्या अर्जात शून्य कमीजास्त झाले तर टेबलामागचा कारकून मान वर करून विचारतो तरी. यंत्र विचारत नाही.

अशा फाइली लिहिण्याच्या ज्या अनेक पद्धती रूढ आहेत, त्यांत यॅमल ही आज फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. २००१ साली क्लार्क एव्हान्स, इंगी डॉट नेट आणि ओरेन बेन-किकी ह्या तिघांनी तिचा पाया घातला, आणि यंत्राला कळणारा मजकूर माणसालाही सहज वाचता यावा हा त्यांचा हेतू होता. म्हणून यॅमलमध्ये कंसांचा पसारा नाही. डावीकडे नाव, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि उजवीकडे त्या नावाचे मूल्य, एवढेच लिहिले की पुरते. कोणती बाब कोणत्या बाबीच्या पोटातली, हे ओळ आत सरकवून दाखवावयाचे. आणि शब्दांना अवतरणचिन्हे घालण्याचीही बहुधा सक्ती नाही. मूल्य हा अंक आहे, शब्द आहे की होकार-नकार आहे, हे वाचणारा प्रोग्रॅम स्वतःच ताडतो. हे ताडणे जितके सोयीचे, तितकेच घातक कसे ठरते, हे एका साध्या उदाहरणाने पाहू.

समजा, एखाद्या पतसंस्थेने आपल्या शाखांची यादी यॅमलमध्ये केली आणि प्रत्येक शहरापुढे तेथील दूरध्वनीचा एसटीडी कोड लिहिला: पुणे ०२०, मुंबई ०२२, नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१, नागपूर ०७१२, पणजी ०८३२. डोळ्यांना ह्यात वावगे असे काहीच दिसत नाही. पण यॅमलच्या २००५ च्या १.१ ह्या आवृत्तीनुसार, ज्या अंकाच्या आरंभी शून्य आहे आणि पुढे केवळ ० ते ७ ह्यांपैकीच अंक आहेत, तो आकडा दशमान नसून अष्टमान समजावयाचा असतो. त्यामुळे त्या आवृत्तीला अनुसरणारा प्रोग्रॅम पुण्याचे ०२० वाचतो ते ‘दोन आठे सोळा’ असे, म्हणजे १६. मुंबईचे ०२२ होते १८, कोल्हापूरचे १५३, नाशिकचे १७१ आणि नागपूरचे ४५८. पणजीचा कोड तेवढा सुखरूप राहतो, कारण त्याच्यात ८ हा अंक आहे आणि अष्टमानात ८ असा अंकच नसतो; म्हणून प्रोग्रॅम त्याला निव्वळ अक्षरे समजून आहे तसा सोडून देतो. म्हणजे सहांपैकी पाच शाखांचे कोड बिघडले, एकाचा शाबूत राहिला, आणि यंत्राने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही! रुपये-आणे-पैच्या काळात वाढलेल्या माणसाला एकच आकडा वेगवेगळ्या मानाने वेगवेगळा होतो हे सांगावे लागत नसे. पण तेथे मान कोणते हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे, येथे ते वाचणारा परस्पर ठरवितो.

असाच प्रकार वेळेचा. १०:३० असे लिहिले तर ही जुनी आवृत्ती त्याला साठाच्या पटीत मोजते आणि दहा साठे सहाशे अधिक तीस, म्हणजे ६३० असा अंक हाती देते. घटका-पळांचा हिशेब करणाऱ्या आपल्या ज्योतिषांना ही षष्टिमान रीत परकी वाटली नसती, पण कचेरी उघडण्याची वेळ लिहिणाऱ्याला ती अभिप्रेत नसते. पायथॉन ह्या भाषेची ३.१० ही आवृत्ती २०२१ च्या ऑक्टोबरात निघाली, तेव्हा अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले ३.१० हे दशांश अपूर्णांक समजले जाऊन शेवटचे शून्य गळाले आणि ३.१ उरले, म्हणजे बारा वर्षांपूर्वीची जुनी आवृत्ती मागितली गेली. होकार-नकाराची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. यस, नो, त्यांची वाय आणि एन ही एकाक्षरी रूपे, ऑन, ऑफ, ट्रू, फॉल्स आणि ह्या सर्वांची लहानमोठ्या लिपीतील रूपे धरून होकार-नकाराची एकंदर २२ रूपे १.१ ह्या आवृत्तीने मान्य केली होती. त्यामुळे देशांच्या दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय संक्षेपांची यादी करताना नॉर्वेचा ‘एनओ’ हा संक्षेप ‘नाही’ असा वाचला जाऊ लागला, आणि ह्या दोषाला ‘नॉर्वेचा प्रश्न’ हे नावच पडले. २००९ साली निघालेल्या १.२ ह्या आवृत्तीने ह्यांपैकी बरेच दोष दूर केले खरे. परंतु पायथॉनमध्ये सर्रास वापरले जाणारे पायॅमल हे वाचनसाधन आजही जुन्याच आवृत्तीची रीत पाळते, आणि कायदा बदलला तरी दफ्तरातील जुना शिरस्ता एकाएकी हटत नाही, तशी ही अवस्था आहे.

मग ह्यावर उपाय कोणता? लिहिणाऱ्याने दक्ष राहावे, हा उपदेश नेहमीच खरा आणि नेहमीच अपुरा असतो. शंभर फाइली, प्रत्येकीत पाचशे ओळी, आणि संध्याकाळी सहा वाजता करावयाचा एक तातडीचा बदल, अशा वेळी दक्षतेवर किती भिस्त ठेवावी? ज्याला थकवा येत नाही अशा तपासनिसाकडे हे काम सोपविणेच शहाणपणाचे, आणि हा तपासनीस म्हणजे लिंटर. १९७८ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन ह्यांनी सी भाषेतील प्रोग्रॅम तपासण्यासाठी एक साधन तयार केले आणि त्याला ‘लिंट’ असे नाव दिले. कपड्याला चिकटलेले कापसाचे बारीक तंतू म्हणजे लिंट. कपडा त्याने फाटत नाही, पण झटकून काढल्याशिवाय तो अंगावर घालण्याजोगाही होत नाही. प्रोग्रॅम चालविण्यापूर्वीच, नुसता वाचून, त्यात संशयास्पद काय आहे ते दाखविणाऱ्या सर्व साधनांना पुढे हेच नाव रूढ झाले. यॅमल फाइलींसाठी यॅमललिंट आहे. आणि २०१२ साली मायकेल डीहान ह्यांनी सुरू केलेल्या अँसिबल ह्या, अनेक यंत्रांची मांडणी एका ठिकाणाहून करणाऱ्या साधनाच्या फाइलींसाठी अँसिबल-लिंट आहे. अशा साधनांत आधीपासून असलेल्या नियमांखेरीज आपल्या कचेरीच्या गरजेप्रमाणे नवे नियम लिहिण्याची सोयही बहुधा असते, आणि खरे कौशल्य तेथेच लागते.

नियम लिहिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो असा की, तपासावयाचे काय: लिहिलेले अक्षर की त्यातून निघालेला अर्थ? आपल्या शाखांच्या यादीचेच घ्या. फाइल पूर्ण वाचून झाल्यानंतर नियमाच्या हाती १६ हा आकडा येणार. तो मुळात १६ असाच लिहिलेला होता की ०२० असा, ह्याचा मागमूसही तेथे उरत नाही. म्हणून असा नियम वाचनाच्या मधल्या टप्प्यावर बसवावा लागतो, जेथे मजकुराचे तुकडे पाडलेले असतात पण त्यांचा अर्थ लावलेला नसतो. ह्या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि प्रत्येक टोकनाबरोबर ते कितव्या ओळीत, कितव्या स्थानी आहे आणि त्याला अवतरणचिन्हे होती की नव्हती, ही माहिती शिल्लक असते. मूळ पत्र आणि त्याचा कारकुनाने केलेला सारांश ह्यांत जो फरक, तोच येथे आहे: हस्ताक्षराची शहानिशा करावयाची तर मूळ पत्रच मागवावे लागते.

उलट, काही नियमांना अर्थाकडेच पाहावे लागते, आणि त्याचा एक नमुनेदार दाखला अँसिबल-लिंटमध्ये आहे. लिनक्स यंत्रावरील प्रत्येक फाइलीला वाचन, लेखन आणि चालवणे ह्यांचे अधिकार तीन अंकांनी देतात: पहिला अंक मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतर सर्वांचा, वाचनाचे ४, लेखनाचे २, चालवण्याचा १, आणि ही बेरीज अष्टमानात लिहावयाची. ६४४ म्हणजे मालकाला वाचन आणि लेखन, बाकीच्यांना केवळ वाचन. फाइलीत ०६४४ असे लिहिले तर आरंभीचे शून्य आकड्याला अष्टमानात ठेवते आणि सारे यथास्थित होते. पण कुणी ते शून्य निरर्थक समजून गाळले आणि अवतरणचिन्हांवाचून नुसते ६४४ लिहिले, तर ते दशमानातील सहाशे चव्वेचाळीस होतात, आणि दशमानातील ६४४ म्हणजे अष्टमानातील १२०४. त्याच्या शेवटच्या तीन अंकांचा परिणाम असा की मालकाला लिहिण्याचा अधिकार आहे पण वाचण्याचा नाही, त्याच्या गटाला कसलाच अधिकार नाही, आणि ज्यांचा त्या फाइलीशी संबंध नाही अशा परक्यांना मात्र ती खुशाल वाचता येते. पुण्याच्या कोडात ज्या शून्याने घात केला, त्याच शून्याने येथे रक्षण केले असते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ‘आरंभी शून्य नको’ किंवा ‘आरंभी शून्य हवेच’ असा सरसकट नियम का चालत नाही, हे स्पष्ट होते.

ह्या चुकीसाठी असलेला नियम, धोक्याचे अष्टमान अशा अर्थाच्या नावाचा, केवळ आकडे मोजत नाही. तो व्यवहारातला न्याय पाहतो. ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिण्याचा अधिकार कुणी देत नाही. मालकापेक्षा गटाला किंवा गटापेक्षा परक्याला अधिक मोकळीक कुणी देत नाही. असे अधिकारपत्र समोर आले तर ते हेतुपूर्वक दिलेले नसून हातून झालेली चूक असली पाहिजे, असे अनुमान तो करतो. घरमालकाला स्वतःच्या घरात यायला मनाई आणि रस्त्यावरच्या माणसाला दार सताड उघडे, असे मृत्युपत्र पाहून कोणताही वकील जो प्रश्न विचारील, तोच प्रश्न हा नियम विचारतो. नियमाची उंची तो किती कडक आहे ह्यावरून नव्हे, तर लिहिणाऱ्याचा हेतू त्याने किती अचूक ओळखला ह्यावरून ठरते, हे ह्या उदाहरणात मला फार स्वच्छ दिसते.

नियम लिहिण्याचे दुसरे अंग संदेशाचे. नियम मोडला गेला की लिंटर एक वाक्य छापतो, आणि बहुसंख्य लोकांना नियमाचे दर्शन होते ते त्या एका वाक्यातूनच. ‘अयोग्य मूल्य’ एवढेच जर तेथे लिहिले, तर वाचणाऱ्याला आपण गुन्हेगार ठरलो एवढेच कळते, गुन्हा कोणता ते कळत नाही. त्याऐवजी ‘ओळ ४: ०२० हा आकडा अष्टमानाने १६ असा वाचला जाईल, कोड अवतरणचिन्हांत लिहा’ असे लिहिले, तर त्यात ठिकाण आले, परिणाम आला, कारण आले आणि उपायही आला, वाचणारा एका मिनिटात चूक सुधारतो आणि पुढच्या वेळी ती करीत नाही. अँसिबल-लिंटमधील नियमांना पूर्वी क्रमांक असत, आणि अधिकारांसंबंधीचा वरील नियम २०२ ह्या क्रमांकाने ओळखला जाई. पुढे क्रमांक जाऊन त्यांना अर्थवाही नावे आली, हा बदल दिसायला किरकोळ असला तरी माझ्या मते तो मोठ्या सौजन्याचा आहे, कारण कलमाचा क्रमांक पाठ असण्याची अपेक्षा वकिलाकडून करावी, फिर्यादीकडून नव्हे.

तिसरे अंग अभिरुचीचे. फाइलीत ओळ किती लांब असावी, आत किती जागा सोडून सरकवावी, नावे वर्णानुक्रमाने लावावी की नाही, ह्या गोष्टींनी कुणाचा कोड बिघडत नाही. यॅमललिंट ओळीला मुळात ८० अक्षरांची मर्यादा घालतो; ही ८० ची संख्या आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० स्तंभी छिद्रपत्रापासून चालत आलेली आहे, आणि तिच्यापाठी आज कारण असेल तर ते वाचनाच्या सोयीचे, पावित्र्याचे नव्हे. मराठीत टिप्पणी लिहिणाऱ्याने तर येथे एक गोष्ट अवश्य पाहावी. पायथॉनमध्ये लिहिलेले हे साधन मोजते ते युनिकोडचे घटक, आणि ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर असले तरी त्याच्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा घटक असतात. जी ओळ पडद्यावर आखूड दिसते तीच मोजणीत हद्दीबाहेर जाते. अशा ठिकाणी लेखकाचे वाक्य तोडण्यापेक्षा मर्यादाच वाढवून घेणे न्याय्य होय, आणि तशी मुभा त्या साधनात आहेच. अभिरुचीचे नियम असू नयेत असे मी म्हणत नाही. दहा जण एकाच फाइलीत लिहितात तेव्हा एकसारखी मांडणी असणे हे उपकारकच असते, आणि यंत्राने निमूटपणे निकाल दिला म्हणजे माणसांमाणसांतली कुरबुर टळते. पण अशा नियमांनी इशारा द्यावा, काम अडवू नये. काम अडविण्याचा अधिकार ज्या नियमाच्या पाठीशी खरे नुकसान उभे आहे त्यालाच असावा.

चौथे अंग अपवादाचे. यॅमललिंटमध्ये होकार-नकाराच्या संदिग्ध रूपांवर आक्षेप घेणारा एक उत्तम नियम आहे. परंतु गिटहब अॅक्शन्स ह्या सेवेच्या फाइलींत ‘ऑन’ हा शब्द, म्हणजे कोणत्या प्रसंगी काम सुरू करावे हे सांगणारे नाव, लिहावाच लागतो. तो लिहिणाऱ्याच्या मर्जीचा भाग नाही. तेथे हा नियम प्रत्येक फाइलीवर आक्षेप घेऊ लागला, तर लोक चार दिवसांत त्या आक्षेपांकडे पाहीनासे होतील आणि पाचव्या दिवशी खरी चूकही त्याच गर्दीत नजरेआड होईल. म्हणून नावे वगळून केवळ मूल्येच तपासण्याची सवलत ह्या नियमात ठेवलेली आहे, आणि एखाद्या ओळीपुरता नियम स्थगित करण्यासाठी त्या ओळीतच तशी टिप्पणी लिहिण्याची सोय आहे. अपवाद उघडपणे, नावानिशी आणि जागच्या जागी नोंदलेला असावा. मग तो पळवाट राहत नाही, तो दाखला होतो.

शेवटचे अंग परीक्षेचे. नियम लिहिला की त्याच्यापुढे जाणूनबुजून चुकीचे लिहिलेले नमुने ठेवून तो त्यांना पकडतो की नाही हे जितके पाहावे, तितक्याच कसोशीने बरोबर लिहिलेले नमुने ठेवून तो त्यांना सोडतो की नाही हेही पाहावे. येथे पणजीचा ०८३२ पुन्हा समोर येतो. त्याला अवतरणचिन्हे नसली तरी आज बिघाड होत नाही. मग नियमाने त्याला सोडावे काय? काटेकोरपणे पाहिले तर सोडावे. पण पुण्याला अवतरणचिन्हे आणि पणजीला नाहीत, अशी यादी उद्या ज्याच्या हाती पडेल, तो सातवी शाखा लिहिताना कोणता कित्ता गिरवील? म्हणून शाखांच्या यादीपुरता तरी ‘दूरध्वनीचा कोड हा अंक नव्हे, ते नाव आहे, तो नेहमी अवतरणचिन्हांत लिहावा’ असा व्यापक नियम मी लिहीन, कारण त्याचे कारण एका वाक्यात सांगता येते आणि ते सर्व शहरांना सारखेच लागू पडते. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नाही तो आकडा अंक नव्हेच, हे तत्त्व एकदा पटले की भ्रमणध्वनी क्रमांक, खाते क्रमांक, आवृत्ती क्रमांक ह्या सर्वांचा निकाल आपोआप लागतो.

नियम करणे सोपे आहे. कुणीही अधिकारावर बसलेला माणूस रोज एक करू शकतो. पण ज्या नियमाचे कारण तो करणाऱ्याबरोबर निघून गेले, तो पुढच्यांना जाच वाटू लागतो आणि एक दिवस ते तो निर्धास्तपणे काढून टाकतात, कधी कधी नेमक्या त्याच दिवशी, ज्या दिवशी त्याची गरज असते. म्हणून फाइलींसाठी असो वा कचेरीसाठी, नवा नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे: नियमाखाली आणखी एक ओळ लिहा, आणि तो कोणत्या चुकीतून जन्मला हे त्या ओळीत सांगा. ती ओळ लिहिता येत नसेल, तर तो नियमही लिहू नका.